सिरीज बोर्ड

सिरीज बोर्ड (अन्य नावे: सिरीज दिवा, टेस्ट लॅम्प) हे घरी जुळवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या विद्युत परिपथाला पहिल्यांदा वीजपुरवठा देताना वापरले जाणारे साधन आहे. यात घरगुती पुरवठ्याची वीजयुक्त तार सॉकेटपर्यंत थेट न जाता तंतूच्या बल्बमधून जाते. त्यामुळे बल्ब आणि तपासायचे उपकरण एकसर जोडणीत येतात. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानांत फळीवर बसवलेला असा बोर्ड सहसा घरीच बनवलेला असतो.

कार्य

२३० व्होल्टवर पूर्ण तेजाने पेटलेल्या १०० वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. परिपथात लघुपरिपथन असेल, तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि धारा ०.४३ अँपिअरच्या आसपास मर्यादित राहते. तेच उपकरण थेट जोडले असता वितळतार जाण्याआधी आतले भाग जळतात. थंड तंतूचा रोध मात्र ३५ ते ४० ओहमच असतो. म्हणून कमी धारा घेणाऱ्या निर्दोष परिपथाला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळते: बल्ब क्षणभर चमकून मंदावतो किंवा विझतो. लहान उपकरणासाठी ४० वॉटचा बल्ब पुरतो.

एलईडी बल्ब येथे चालत नाही. त्याच्या आत स्वतःचा इलेक्ट्रॉनिक परिपथ असल्याने तो साध्या रोधासारखा वागत नाही.

मर्यादा

सिरीज बोर्ड परिपथाला वाचवतो, माणसाला नाही. हा भेद न कळल्यामुळे बोर्डावर नको तितका विश्वास टाकला जातो. ओल्या हातांमुळे शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. त्यापुढे थंड तंतूचा रोध नगण्य होय. अशा वेळी शरीरातून सुमारे ०.२ अँपिअर धारा जाऊ शकते. प्राण जाण्यास याहून पुष्कळ कमी धारा पुरते, आणि तेवढ्या धारेने बल्ब पेटेलच असेही नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जमिनीकडे जाणारी गळती ओळखतो. एक हात वीजयुक्त आणि दुसरा तटस्थ तारेवर असेल, तर त्याला ती धारा नेहमीच्या भारासारखीच दिसते.

दोन पिनांचा प्लग उलटा बसला की बटण तटस्थ तारेत येते आणि बंद केलेल्या परिपथातही वीज उरते. त्यामुळे बटण बंद करणे पुरेसे नाही. हात लावण्यापूर्वी प्लग काढावा लागतो. त्यानंतरही एसएमपीएसमधील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने त्याची टोके जोडण्याची पद्धत प्रचलित असली तरी वाईट आहे: ठिणगी उडते, कपॅसिटर बिघडतो. काही किलोओहमच्या, पाच वॉटच्या रोधकातून तो रिकामा करून मल्टिमीटरने खात्री केली जाते.

विद्यार्थ्यांसाठी

शालेय विज्ञान प्रदर्शनातील बहुतेक प्रतिकृतींना सिरीज बोर्डाची गरजच नसते. ९ व्होल्टची बॅटरी किंवा चांगल्या प्रतीचा ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर त्यांना पुरतो. पुरवठ्याच्या धन तारेत योग्य मूल्याची वितळतार घातली, की उलट जोडलेला डायोड किंवा चुकीचे डाख ध्यानात येते आणि नुकसान एका वितळतारेवर भागते.