मूळ प्रत शाबूत राहावी म्हणून

घरच्या संगणकावर फोटो दुरुस्त करायला सोपं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा तसा दुकानात विचारायचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधता शोधता मी या सॉफ्टवेअरांच्या इतिहासात शिरले. प्रत्येक नवं सॉफ्टवेअर फोटोत काय काय बदलू शकतं, हे मोठ्यानं सांगतं. केलेला बदल मागे घेता येतो का, मूळ फोटो जसाच्या तसा उरतो का, हे शोधून काढावं लागतं. मी अनुवादक आहे. मी कितीही स्वातंत्र्य घेतलं तरी मूळ पुस्तक कुठेतरी कपाटात सुरक्षित असतं, या भरवशावर माझा व्यवसाय चालतो. म्हणून माझी नजर तिथेच गेली असावी.

फोटोत फेरफार करण्याची कला संगणकापेक्षा खूप जुनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्यानंतर आपल्याकडे शहरोशहरी स्टुडिओ निघाले आणि त्यांत कॅमेऱ्यामागच्या माणसाइतकाच 'टचिंग' करणारा माणूस महत्त्वाचा ठरला. तो टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरच्या सुरकुत्या भरून काढी, नको तो भाग धारदार पात्यानं खरवडून टाकी, छापलेल्या कृष्णधवल फोटोतल्या साडीवर हातानं रंग चढवी. छापील प्रत बिघडली तर दुसरी काढता येई. निगेटिव्हवर खरवडलेलं मात्र कायमचं गेलं. आणि निगेटिव्हच गेलं तर सगळंच संपलं. मी शिकायला कोलकात्यात आले आणि इथेच राहिले. इथल्या बोर्न अँड शेफर्ड या जुन्या स्टुडिओला १९९१ साली आग लागली, तिच्यात एकोणिसाव्या शतकापासून जपलेला बराचसा संग्रह नष्ट झाला.

त्या आगीच्या एकच वर्ष आधी, फेब्रुवारी १९९० मध्ये, अमेरिकेत फोटोशॉप बाजारात आलं होतं. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नॉलनं १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली. चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करणारा त्याचा भाऊ जॉन पुढे त्यात सामील झाला. अडोबी कंपनीनं ते विकायला काढलं तेव्हा ते फक्त मॅकिंटॉशवर चाले. डॉज, बर्न, क्रॉप ही त्यातली नावं अंधाऱ्या खोलीतल्या कामातूनच आलेली. अडचणही थोडीफार तिथलीच होती : सुरुवातीला फक्त शेवटची एक कृती मागे घेता येई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर' आले. मूळ चित्र खाली ठेवून वरच्या पारदर्शक थरावर काम करण्याची सोय झाली. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या कृतींची यादी दिसू लागली आणि तिच्यातून पायरी पायरीनं मागे जाता येऊ लागलं. त्या यादीचं नाव 'हिस्टरी'. फाइल बंद केली की मात्र ही हिस्टरी पुसली जाते.

हे सगळं व्यावसायिकांसाठी होतं, किंमतही त्यांनाच परवडणारी. घरगुती माणसासाठी दुसऱ्या वाटा निघाल्या. पेंट शॉप प्रो १९९० च्या सुमाराला 'आधी वापरून पाहा, पटलं तर पैसे द्या' या रिवाजानं पसरलं. बर्कलीतल्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये गिंप तयार करून फुकट वाटलं. खिडक्या-बटणं काढण्यासाठी लागणारं मोटिफ हे साधन तेव्हा मुक्त नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं बनवलं. त्याच साधनावर पुढे लिनक्सचा ग्नोम हा डेस्कटॉप उभा राहिला. २००४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून पेंट.नेट निघालं. त्यात लेयर होते आणि डिस्कवर जागा असेल तितकं मागे जाता येई.

माझ्या दृष्टीनं यांत सगळ्यात विचारी होतं पिकासा. गूगलनं ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि फुकट दिलं. तुम्ही फोटो उजळलात, कापलात, तरी ते मूळ फाइलला हात लावत नसे. काय बदललं याची नोंद त्याच फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये करी आणि फोटो दाखवताना ते बदल चढवून दाखवी. २०१६ मध्ये गूगलनं ते थांबवलं. त्याच वर्षी इकडे बोर्न अँड शेफर्डनंही दार बंद केलं. पिकासानं मूळ फोटो वाचवले, पण त्याची नोंदवही वाचणारा उरला नाही. इतर सॉफ्टवेअरांना ती भाषा येत नाही.

मला हा शोध घ्यावा लागला तो इंदूरच्या आत्यामुळे. तिनं आजीचा एक फोटो स्कॅन करून पाठवला आणि फोनवर म्हणाली, "डाग काढ, आणि आईच्या कपाळावर कुंकू लाव गं. बाबांच्या शेजारी फ्रेम करून लावायचाय." आजीचा स्पष्ट असा हा एकच फोटो, आजोबा गेल्यानंतरचा. कपाळ मोकळं. आत्याची इच्छा मला समजते. ते मोकळं कपाळ तिनं लहानपणापासून पाहिलं, सोसलं. पण तो एका काळाचा पुरावाही आहे. उद्या माझ्या भाचीनं फ्रेममधला फोटो पाहिला, तर आजीवर काय लादलं गेलं होतं ते तिला कळणारच नाही.

म्हणून मी गिंप निवडलं. ते सर्वांत सोपं नाही. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून त्यात 'सेव्ह' केलं की लेयरसकट कामाची फाइल जपली जाते आणि जेपेग हवं असेल तर वेगळं 'एक्स्पोर्ट' करावं लागतं. पुष्कळांना याचा वैताग आला. मला ती शिस्त ओळखीची वाटली : मूळ इथे, काम इथे, वाचकाच्या हाती जाणारी प्रत तिथे. त्यात जेपेग दर वेळी नव्यानं साठवताना थोडा तपशील गाळतं, त्यामुळे एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा काम करणं म्हणजे तिला झिजवणंच. ज्यांना एवढं नको, त्यांनी कोणतंही हलकं सॉफ्टवेअर घ्यावं, पण आधी फोटोची नक्कल करून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी.

कुंकू मी वेगळ्या थरावर लावलं. आत्याला दोन फाइल पाठवल्या, एक 'आजी-मूळ', दुसरी 'आजी-कुंकू', आणि दुसरीच्या वर्णनात कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून बदल केला ते लिहिलं. भिंतीवर कोणती लावायची ते आत्या ठरवेल.