भागांचा बाजार आणि घरातला संगणक

घरासाठी संगणक कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबे १९९० च्या दशकात बहुधा एखाद्या कंपनीच्या नावाने देत नसत. ते उत्तर सुट्या भागांच्या यादीत असे. गणनाचे काम करणारा प्रोसेसर, इतर सर्व भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम, कायमची साठवण करणारी हार्ड डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड आणि हे सारे सामावणारे कॅबिनेट, अशी ही यादी दुकानदार कोटेशनच्या कागदावर भावांसह उतरवून देई आणि गिऱ्हाईक तो कागद घेऊन पुढच्या दुकानाची पायरी चढे. अशा रीतीने जोडून घेतलेल्या यंत्राला बाजारात ‘असेम्बल्ड’ म्हणत आणि कंपनीच्या शिक्क्यानिशी येणाऱ्या यंत्राला ‘ब्रँडेड’. असेम्बल्ड यंत्र ब्रँडेडपेक्षा पुष्कळच स्वस्त पडे. या स्वस्ताईचे श्रेय जोडणाऱ्यांच्या चातुर्याला देण्याची प्रथा आहे, परंतु तिच्यात करव्यवस्थेचा वाटा निदान तेवढाच होता.

भाग सुटे मिळून यंत्र जोडता यावे, ही सोय मुळात अमेरिकेत आणि काहीशी अनवधानाने निर्माण झाली. आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा वेळ वाचवण्यासाठी बहुतेक भाग बाहेरच्या उत्पादकांकडून घेतले आणि यंत्राची रचनाही प्रसिद्ध केली. कंपनीच्या खास मालकीचा असा महत्त्वाचा भाग उरला तो बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताना भागांची ओळख पटवणारी मूळ आज्ञावली. तिचीही कायदेशीर चौकटीत बसणारी पर्यायी रूपे काही वर्षांतच तयार झाली आणि तैवानसारख्या देशांतील कारखाने आयबीएमच्या यंत्राशी जुळणारे भाग जगभर विकू लागले. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयात काहीशी सुकर केली, तेव्हा या भागांना मुंबईत एक तयार पेठ मिळाली.

ही पेठ म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी जुनेच नाव राहिले. संगणक येण्यापूर्वीपासून येथे रेडिओ आणि ध्वनियंत्रणांचे सुटे भाग विकले जात, त्यामुळे भाग ओळखून पारखण्याची आणि घासाघीस करून घेण्याची रीत संगणकाबरोबर नव्याने शिकावी लागली नाही. पुण्या-नागपुरातले अनेक जोडणी करणारेही माल येथूनच नेत.

स्वस्ताईची फोड केली तर चित्र फारसे रम्य दिसत नाही. त्या दशकाच्या आरंभी संगणकांवरील आयातशुल्क जबर होते आणि चोरट्या मार्गाने आलेल्या भागाला ते लागत नसे. लघुउद्योगाला ठरावीक उलाढालीपर्यंत उत्पादन शुल्कात कायदेशीर सूट होती, ती मोठ्या कंपनीला नव्हती. कच्च्या बिलावर माल घेतला की विक्रीकर वाचे, मात्र वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर राही. विंडोज आणि इतर आज्ञावली बहुतेक यंत्रांत फुकट, म्हणजे विनापरवाना, भरून दिल्या जात. यांखेरीज एक खर्च कोणत्याही कागदावर येत नसे, तो म्हणजे घरच्यांचा वेळ. कारण ब्रँडेड यंत्रात भाग निवडण्याचे जे काम कंपनी करी, ते येथे बहुधा घरातल्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाकडे किंवा शेजारच्या जाणकाराकडे येई.

हे काम सोपे नव्हते, याचे उत्तम उदाहरण इंटेलच्या सेलेरॉन या स्वस्त प्रोसेसरचे आहे. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या हाताशी ठेवणारी वेगवान स्मृती, मुळीच नव्हती आणि त्यामुळे तो मंद चाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘३००ए’ आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश होती, आणि मदरबोर्डाची गती ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ ठेवली तर ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर चाले, म्हणजे महागड्या पेन्टियम टूच्या जवळ जाई. नावाला जोडलेल्या एका अक्षराने यंत्राची योग्यता बदलत होती. पुढच्या वर्षी इंटेलच्या ८१० चिपसेटने चित्र उमटवण्याची सोय मदरबोर्डातच दिली आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचवला, पण त्यासाठी रॅमचा काही हिस्सा वापरला जाई आणि पुढे चांगले कार्ड बसवण्यासाठी लागणारी एजीपी ही खाच त्या बोर्डावर नसे. आज वाचलेले पैसे उद्याची वाढ रोखत होते, आणि कोटेशनच्या कागदावर हे कुठेच लिहिलेले नसे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस, घरातील वीज यंत्राला मानवेल अशा दाबाने पुरवणारा डबा. तो कॅबिनेटसोबतच येई, त्याचा भाव कोणी विचारत नसे, म्हणून विक्रेत्याला काटकसर करायला तीच जागा सोयीची होती. मुंबईबाहेर भारनियमनामुळे यूपीएसही यादीत धरावा लागे.

भाव स्थिर नसत. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानात भूकंप झाला आणि जगभर रॅमचे भाव एकाएकी चढले. ज्या कुटुंबाचे अंदाजपत्रक ठरलेले होते त्याला तूर्त कमी रॅम घेऊन उरलेली पुढे बसवण्याची मोकळीक होती, आणि असेम्बल्ड यंत्राचे खरे मोल या हप्त्याहप्त्याने वाढण्यात होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मराठी लिहिण्याची सोय हाही खर्चाचाच प्रश्न होता. आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान आरंभी यंत्रात बसवायच्या वेगळ्या कार्डाच्या रूपात मिळे. नंतर श्रीलिपीसारख्या आज्ञावली आल्या, त्याही विकतच घ्याव्या लागत. विंडोज २००० आणि एक्सपी यांत युनिकोड देवनागरी अंगभूत आली, तेव्हा हा खर्च सामान्य घरापुरता मिटला. त्याच सुमारास, २००१ मध्ये, महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीशी जोडला गेल्याने गावोगावी संगणकाची ओळख, आणि घरी सरावासाठी यंत्र असावे ही इच्छा, दोन्ही पसरली.

असेम्बल्डचा पाया मात्र याच काळात खचत होता. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात प्रवेश केला आणि संगणकावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. २००४ मध्ये उत्पादन शुल्कही काही काळापुरते उठले. २००५ मध्ये एचसीएलने ९,९९० रुपयांत लिनक्सवर चालणारे साधे यंत्र विकायला काढले. शुल्क टाळण्यातून मिळणारा फायदाच उरला नाही, तेव्हा जोडणी करणाऱ्याच्या हाती केवळ कौशल्य आणि सेवा राहिली, आणि खेळ खेळणारे वा चित्रफितींचे संपादन करणारे हौशी सोडले तर तेवढ्यासाठी जास्त खटपट करणारे गिऱ्हाईक थोडे होते. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने हार्ड डिस्कचे भाव पुन्हा भडकले, परंतु तोवर बरीच कुटुंबे लॅपटॉपकडे वळली होती. त्यांच्यापर्यंत ती वाढ पोचली ती संपूर्ण यंत्राच्या छापील किमतीत मिसळून, जेथे एकाच भागावर घासाघीस करण्याची सोय नव्हती.