गोंदिया, गोंड आणि झाड : मूळ न सापडलेले शब्द

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; गावाचे नाव अर्थातच त्याहून जुने. ते कशावरून पडले, याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. परिसरात गोंडांची वस्ती म्हणून गोंदिया, हे एक. जंगलातला डिंक, म्हणजे हिंदीतला ‘गोंद’, येथे विक्रीस येई म्हणून गोंदिया, हे दुसरे. दोन्ही पटण्याजोगी आहेत, आणि हीच अडचण आहे. उच्चार जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली, असे होत नाही.

पहिले उत्तर स्वीकारले तरी प्रश्न एक पायरी मागे सरकतो. ‘गोंड’ हा शब्द कुठला? हे नाव इतरांनी दिलेले. तो समाज स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्याचा संबंध डोंगरवाचक तेलुगू ‘कोंडा’शी लावला, तर जनरल कनिंगहॅम यांनी ‘गौड’ या देशनामाशी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात ही मते दिली, पण शब्दाचे मूळ अनिश्चितच ठरवले. अशी कबुली व्युत्पत्तीच्या प्रांतात विरळाच.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. त्यातले ‘झाड’ही असेच निराधार. संस्कृत कोशांत ‘झाट’ आढळतो. परंतु वैदिक वाङ्मयात ‘झ’ने आरंभ होणारे शब्द जवळजवळ नाहीतच. तेव्हा तो संस्कृतात बाहेरून शिरला असावा, हे मानणे अधिक सयुक्तिक. मग शेजारच्या गोंडीतून? गोंडीत झाडाला ‘मरा’ म्हणतात; कन्नड ‘मर’ आणि तमिळ ‘मरम्’ ही त्याची भावंडे. म्हणजे तोही दरवाजा बंद.

अशा शब्दांसाठी प्राकृत वैयाकरणांनी ‘देशी’ असा वर्ग केला होता. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ रचून सुमारे ४००० शब्द गोळा केले. मराठी ‘पोट’ हे त्यातल्याच ‘पोट्ट’चे वंशज. पुढे अनेकांनी देशी शब्दांना ओढूनताणून संस्कृत धातू चिकटवले; कोशात रिकामी जागा ठेवणे कमीपणाचे वाटले असावे. इंग्रजी कोशकारांना तसे वाटत नाही. ‘डॉग’ आणि ‘बिग’ या रोजच्या शब्दांपुढेही ते मूळ अज्ञात असल्याची नोंद करतात.

देशी शब्दांचे धागे सापडलेच, तर ते बहुधा लेखनात न आलेल्या बोलींत सापडतील. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती. तरीही आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही. हिस्लॉप यांनी टिपलेले गोंडी शब्द त्यांच्या निधनानंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी छापले. झाडीतल्या वृद्धांच्या तोंडी आज जे शब्द आहेत, त्यांतले किती तेवढेही टिपले गेले आहेत?