ग्रंथालयांचा हक्काचा घास

15 सप्टेंबर 1832 रोजी गोव्यात 'पुब्लिका लिव्रारिया' ह्या नावाने सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. पुढे थोड्याच वर्षांत पोर्तुगीज सत्तेने धर्मसंघांचे मठ बंद केले आणि मठांतील ग्रंथ ह्या संग्रहात आले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी, उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयास एक ग्रंथ द्यावा व त्याने तो अथपासून इतिपर्यंत वाचावा, असा नियम घालून दिला होता. ग्रंथ जपणे व ते वाचकाच्या हाती देणे, हे मठांनी शतकानुशतके धर्मकार्य मानले. आमच्या मते, ग्रंथ शासनाकडे गेले त्याच दिवशी हे कर्तव्यही शासनाकडे गेले.

महाराष्ट्रात रत्नागिरी (1828), नाशिक (1840), पुणे (1848) येथील जुनी ग्रंथालये लोकाश्रयाने उभी राहिली. परंतु वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाची पायरी गरिबाला उंच वाटते. ही अडचण ओळखून बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन ह्या तज्ज्ञास पाचारण केले व राज्याच्या खर्चाने गावोगावी ग्रंथ पोहोचविले. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. 1948 च्या मद्रास कायद्याने तर ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर बसविला.

महाराष्ट्राचा कायदा 1967 सालचा. त्याच्या आधारे शासनमान्य ग्रंथालयांना 'अ' ते 'ड' अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते. मात्र ह्या कायद्यात उपकराची तरतूद नाही. गोव्याने 1993 च्या कायद्यात मद्य व बिअरवर अधिभार लावून ग्रंथालयांसाठी निधीचा मार्ग काढला. आपल्याकडे सारी भिस्त दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर. परिणाम असा की, 2012 नंतर अनुदानाच्या दरात वाढ झाली ती थेट 2022 मध्ये. ती साठ टक्के होती हे खरे, तिचे स्वागतही झाले. परंतु मधल्या दहा वर्षांत पुस्तकांच्या किमती थांबल्या नव्हत्या आणि ग्रंथपालाच्या घरची चूलही थांबली नव्हती. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी दार उघडणारा हा माणूसच खेड्यातील वाचनालयाचा खरा आधारस्तंभ आहे. तो थकला की दाराला कुलूप लागते. मग घरी अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलाने कोठे जावे?

दयेवर मिळालेले दान केव्हाही आटते. कायद्याने दिलेला हक्क सहजासहजी हिरावता येत नाही. म्हणून आमची लोकप्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे: ग्रंथालयांचे अनुदान कायद्यातच सुरक्षित करा, महागाईबरोबर ते वाढेल अशी तरतूद करा आणि ते वेळेवर द्या.

वाचकहो, मार्चच्या सुमारास राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. बहुधा तो आपल्या उपवासकाळातच येतो. त्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या आमदारांना ह्या मागणीचे एक पत्र लिहावे आणि गावच्या वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे. ज्या वाचनालयात आपण कधी पाऊल ठेवत नाही, त्याच्यासाठी केलेल्या मागणीस वजन येणार नाही.