जुन्या मोटारीतील तारा

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात आज कळ दाबताच घरातला दिवा लागतो आणि दारातली मोटारही हँडल न मारता सुरू होते. या दोन्ही सोयी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांनाही इतिहास आहे, याचे विस्मरण व्हावे. योगायोग असा की, त्या दोहोंच्या इतिहासात १९०२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण केलेली वीज सुमारे ९२ मैल दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. आणि त्याच वर्षी जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. मोटारीतील इंधन पेटविणारी ठिणगी भरवशाची झाली, ती या यंत्रामुळे.

परंतु वीज होती ती ठिणगीपुरतीच. पुढचे दिवे बहुधा कार्बाइडच्या वायूवर जळत आणि हँडल उलटे फिरले तर चालविणाऱ्याचे मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला आणि बॅटरी, डायनामो, दिवे व तारा असा सारा संसार मोटारीत हळूहळू स्थिरावला.

त्या तारांवर रबराचे वेष्टन आणि वर सुताची वीण असे. काळाने रबर तडकते, तार उघडी पडते आणि एका ठिणगीने गाडी पेटू शकते. तेव्हा तारा बदलणे अपरिहार्यच. प्रश्न एवढाच की, कशा बदलाव्यात? अनेक जुन्या गाड्यांची व्यवस्था ६ व्होल्टची असते. ३६ वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह पुरतो. ६ व्होल्टवर ६ अँपिअर लागतो. अशा गाडीत आजची बारीक तार घातली, तर ती तापते आणि दिवा मिणमिणतो. शिवाय पुष्कळ इंग्लिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ते न पाहता नवे उपकरण जोडणारा ते जाळून बसतो.

म्हणूनच जुनी तार हा एक दस्तऐवज होय. तिची जाडी, रंग आणि मार्ग टिपून घेतल्यावाचून ती कापणे, म्हणजे न वाचताच कागद फाडणे. श्रीरंगपट्टणजवळ २०२३ मध्ये उघडलेल्या ‘पयण’ या मोटार-संग्रहालयासारख्या ठिकाणी आपली दृष्टी रंगावर आणि झिलईवर खिळते. तारा दृष्टीआडच राहतात. कन्नडमध्ये पयण म्हणजे प्रवास. तो प्रवास निर्धोक व्हावा म्हणून तार नवी हवी. पण तिची वाट मात्र जुनीच राहू द्यावी.