१९५६ चा गुड फ्रायडे आणि आमचा सीमाभाग

बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. दोनच वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९५५ रोजी, रोमने पवित्र सप्ताहाच्या उपासनेचा नवा क्रम जाहीर केला. तोवर गुड फ्रायडेचा विधी सकाळी होई आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद एकटा धर्मगुरू सेवन करी. प्रायश्चित्तकालाचे उपवास पाळलेला भाविक क्रुसाचे चुंबन घेऊन परते. नव्या क्रमाने विधी दुपारनंतर ठेवला आणि प्रसाद सर्वांना दिला.

हा क्रम प्रथम पाळावयाचा दिवस होता ३० मार्च १९५६. त्या दिवशी बेळगाव व निपाणी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबरला ती म्हैसूर राज्यात गेली. भाषेवरून शेजारी दुरावत असता वेदीवरची भाषा मात्र लॅटिन, म्हणजे कोणाचीच नव्हे! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना दार उघडले, ते योग्यच. न समजणाऱ्या शब्दांनी पश्चात्ताप कसा घडावा? परंतु मराठी, कन्नड, कोंकणी यांतून निवड करणे तेव्हापासून धर्मगुरूच्या माथी आले. एरवी भाषावार मिस्सा करून ते टाळता येते. गुड फ्रायडेचा विधी सामान्यतः एकदाच होतो. त्यातील दहा महाप्रार्थना तरी सर्व भाषांत वाटून घ्याव्यात, असे आमचे मत आहे.