अद्भुताच्या राज्यातला परका

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना आपले समीक्षक एक वळण फार घाईने ओलांडतात. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली, तिच्याजवळ ते आदराने थांबतात. तेथून जी उडी मारतात ती थेट हरिभाऊ आपट्यांच्या अंगणात. मधल्या तीस-पस्तीस वर्षांचे गाठोडे ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून माळ्यावर टाकले जाते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या त्या गाठोड्यातल्या दोन ठळक चिजा. मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. विद्वत्तेचा दावा मजकडे नाही. पण हे गाठोडे सोडून पाहिल्यावाचून आपल्याला आपलीच एक जुनी भूक कळणार नाही, असे मला वाटते.

या कथांचा साचा परिचयाचा आहे. कोठलेसे राज्य, गादीवर डोळा ठेवून बसलेला कारस्थानी प्रधान, ताटातूट झालेले जोडपे, भुयारे, वेषांतरे, शाप आणि मंत्रतंत्र. या सर्वांच्या मधोमध एक परका तरुण नगराच्या वेशीतून आत येतो. त्याला कोणी ओळखत नाही, आणि कथेची सगळी चाके तेथूनच फिरू लागतात.

हे आले कोठून? काही आपल्या संस्कृत कथांतून आले, काही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींतून. परंतु नुसत्या उसनवारीने एखादा प्रकार पिढीभर टिकत नाही. त्याला मातीची गरज लागते. ती माती कोणती हे खुद्द रिसबुडांनीच सांगून ठेवले आहे. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या लोकांच्या आयुष्यात, लग्नाच्या चालीमुळे व इतर कारणांनी, कादंबरीला पुरेल इतके वैचित्र्यच नाही. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात मनोरंजक असे काही सापडत नाही. म्हणून लेखकाला अद्भुताची वाट धरावी लागते.

या कबुलीला पुष्कळजण हसले आहेत. मला मात्र तीत १८६८ सालचे सबंध मराठी घर दिसते. मुलगी आठव्या-नवव्या वर्षी उजवलेली, मुलगा बापाच्या धंद्याला जुंपलेला. जात, कूळ, गाव आणि वतन ही माणूस जन्मण्याआधीच ठरलेली. ज्याची गोष्ट जन्मापूर्वीच संपली, त्याची कादंबरी कशी लिहायची? राजकारणाचे दारही बंदच होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि १८५७ च्या उठावानंतर तर उघड बोलणेही जोखमीचे झाले. तेव्हा प्रधानाचे कपट आणि गादीचा न्याय यांची चर्चा करायला नकाशावर नसलेले राज्यच बरे होते. त्या राज्यात जादू होती खरी, पण खरे अद्भुत होते ते निराळेच. तेथे अनोळखी माणसाला नव्याने आरंभ करता येत होता.

याचा उलटा पुरावा हरिभाऊ देतात. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली आणि मराठी कादंबरी वास्तवाच्या भुईवर घट्ट उभी राहिली. पण त्या वास्तवात यमूला काय मिळाले? वैधव्य आले, केशवपन आले आणि अखेर मरण आले. दुसरा आरंभ तेवढा आला नाही. हरिभाऊंनी तुरुंग दाखवला. आधीच्या लेखकांनी तुरुंगाबाहेरचे स्वप्न दाखवले होते. दोघे एकाच भिंतीविषयी बोलत होते.

पुढे वास्तवाचा जम बसल्यावरही ही भूक मेली नाही. नाथमाधवांची, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे यांची, ‘वीरधवल’ १९१३ साली आली आणि घरोघर वाचली गेली. नाथमाधव १९०५ मध्ये सिंहगडावर पडले आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे झाले. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली आणि १९२८ साली मृत्यू येईपर्यंत ती खाली ठेवली नाही. सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या, स्वराज्याच्या इतिहासावर कादंबऱ्यांची मालिका लिहिली, पण पोराटोरांच्या तोंडी नाव राहिले ते ‘वीरधवल’चे. बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या हातून इतकी धावपळ कागदावर उतरावी, यात मला पळपुटेपणा दिसत नाही. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी १९३९ सालच्या एका व्याख्यानात हाच भेद केला होता. कैद्याने सुटकेचा विचार करणे वेगळे आणि शिपायाने रणातून पळ काढणे वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अद्भुतकथेला नावे ठेवणारे या दोहोंची गल्लत करतात.

येथवर मी वकिली केली. आता या कथांचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. वेशीतून आलेला तो परका शेवटी पुष्कळदा परका उरतच नाही. दंडावरची खूण सापडते, म्हातारी दाई तोंड उघडते, आणि तो हरवलेला राजपुत्र ठरतो. म्हणजे ज्या कुळाच्या जाचातून सुटायला वाचक या राज्यात आला, तेच कूळ शेवटच्या प्रकरणात सिंहासनावर बसते! नवा आरंभ दिला आणि पुन्हा काढून घेतला.

आपल्या महाभारताने हा प्रश्न अधिक धैर्याने हाताळला आहे. रंगभूमीवर उतरलेल्या कर्णाला कृपाचार्य कूळ विचारतात. दुर्योधन तेथेच त्याला अंगदेशाचे राज्य देतो. परक्याला नवा आरंभ मिळाला, पण तो राजकारणाच्या हिशेबात. पुढे कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो आणि ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो आणि ज्या सूताघरी वाढला त्याच घराचा राहतो. टॉल्किन यांच्या १९५४-५५ साली आलेल्या त्रिखंडात्मक कादंबरीतही राजवंशाचा वारस आहेच. पण जगाचे ओझे वाहतो तो फ्रोडो, एका खेड्यातला बुटका गृहस्थ. त्याच्या रक्तात राज्य नाही.

मी राहतो ते कात्रप बदलापुराच्या पूर्वेला आहे. येथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी गावाच्या नावाची कथा लोक सांगतात. आज येथे माणसे बदलतात. जुने कात्रप एक खेडे. त्याच्या भोवती उठलेल्या इमारतींत राहणारे बहुतेक बाहेरून आलेले. मुंबईत जागा परवडेना म्हणून गाडीच्या शेवटच्या टोकाकडे सरकलेले. वर्गात ‘तुझे गाव कोणते?’ असे विचारले तर पोरे आजोबांच्या गावाचे नाव सांगतात. त्यांतल्या कित्येकांनी ते गाव पाहिलेलेही नसते.

येथून कल्याणकडे निघाले की अंबरनाथ लागते आणि मग उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली ती लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले. नाव शेजारच्या उल्हास नदीवरून आले. त्या माणसांच्या दंडावर राजचिन्ह नव्हते. त्यांची शेती-घरे सरहद्दीपलीकडे राहिली होती. त्यांनी बराकीच्या दारात दुकान मांडले आणि बघता बघता शहर उभे केले. येथे मंत्रतंत्र नव्हते, राजकारण मात्र होते. एका राजकारणाने त्यांचे घर गेले आणि दुसऱ्याने त्यांना छप्पर दिले.

मराठी अद्भुत कादंबरीचे पुढचे पान या मुलुखात लिहिले जावे अशी माझी इच्छा आहे. त्यात राक्षस असावेत, भुयारे असावीत, प्रधानाची कारस्थाने तर हवीतच. परका तरुण वेशीतून आत यावा. पण शेवटच्या प्रकरणात दाईने तोंड उघडले, तर तिने एवढेच सांगावे की हा कोणाचाही राजपुत्र नव्हे. आणि तेवढे ऐकूनही नगराने त्याला ठेवून घ्यावे. रिसबुडांच्या वाचकाला जे हवे होते, ते त्याला तेव्हा पुरते मिळेल.